वाचनाचा श्रीगणेशा कुणी करायचा?

दुपारचे तीन वाजले होते. मागची आवराआवर करून मी जरा पाठ टेकणार, तेवढ्यात दारात मंगल उभी. (नावं मी बदललीयत.) कडेवर चार वर्षांची मनाली आणि हातात चौकटीची वही. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते ती. नवरा जिनिंगमध्ये हमाल, सासू रोजानं शेतात जाते. मनालीला गावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलेलं. मंगलनं वही उघडून माझ्यापुढे धरली. पानभर वाकडीतिकडी ए, बी, सी आणि खाली लाल शाईत शेरा : ‘घरी सराव होत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.’

“ताई, मी चौथी शिकेल. मी काय शिकवू हिले?”

सासूचं म्हणणं, शिकवणी लावून टाका. शिकवणीच्या बाईंनी महिन्याचे सहाशे रुपये सांगितलेले. चार वर्षांच्या मुलीला शिकवणी! मला आधी हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कारण माझ्या मुलाच्या वेळी मी स्वतः बी.ए. झालेली, घरात पुस्तकांचं कपाट, आणि तरीही मी जे केलं ते त्या लाल शेऱ्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. ते पुढे सांगते.

ही गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यात २०२५ साली पहिलीच्या मुलांवरून महाराष्ट्रात केवढं रान पेटलं ते तुम्हाला आठवत असेलच. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची. मग जूनमध्ये सक्ती सैल करणारा दुसरा निर्णय. आणि २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागे घेतले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमच्या भिशीतसुद्धा यावरून दोन तट पडले होते. चहा गार झाला तरी वाद संपेना! माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात तीन भाषा नकोत. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. दुसरी आणि तिसरी भाषा राहू द्या बाजूला, आपल्या मुलांना पहिली भाषा तरी वाचता येतेय का?

त्याचं उत्तर त्याच वर्षी जानेवारीत येऊन गेलं होतं. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल तुम्ही ऐकला असेल. २००५ पासून निघतो. ग्रामीण भागात स्वयंसेवक घरोघरी जातात आणि मुलाच्या पुढ्यात एक कागद धरतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते नोंदवतात. २०२४ च्या फेरीत देशभरातली साडेसहा लाखांच्या आसपास मुलं त्यांनी पाहिली. सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीची ती गोष्ट वाचू शकली फक्त २३.४ टक्के. आता गंमत बघा, ही सुधारणा आहे! करोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, हाच आकडा १६.३ वर घसरला होता. पाचवीतल्या मुलांत तरी निम्म्याहून जास्त असतील असं वाटेल, तर तिथेही ४४.८ टक्के.

म्हणजे वर्गात शंभर तिसरीतली मुलं बसली असतील तर सत्तराहून जास्त मुलांपुढे पुस्तक उघडं आहे आणि त्यांना ते बोलत नाहीये. चौथीपासून तर भूगोल, विज्ञान, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच शिकायचं असतं. जे मूल इथे अडकलं ते पुढे सगळीकडेच अडकतं. मग आठवी-नववीत ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून मुलाला कामाला लावतात, मुलीला घरी बसवतात, आणि पुढे तिचं काय होतं ते आपण बायका चांगलं जाणतो.

सरकारलाही हे कळलंय असं म्हणायला जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा सगळा मिळून एकच पायाभूत टप्पा मानला. शिक्षण हक्क कायदा मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो, त्याच्या आधीचं मूल कायद्याच्या दृष्टीनं जणू नाहीच. ५ जुलै २०२१ ला ‘निपुण भारत’ सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, असं त्याचं उद्दिष्ट. आपल्याकडे २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान झालं, त्यात गावोगावी मातांचे गट केले. आयांना छोटी छोटी कामं दिली, घरात मुलांकडून करून घ्यायला. मी आमच्या तालुक्यातल्या दोन गावांत अशा गटांबरोबर बसले आहे. कल्पना मला मनापासून आवडली. चौथी-सातवी शिकलेल्या बाईला ‘तुला येतं’ असं शाळेनं सांगण्याची ही पहिलीच वेळ असेल.

पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे सगळा भार आईवर. गटाचं नावच ‘माता’! कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठला शेतात गेलेली बाई गटाच्या बैठकीला कशी येणार? आणि बाप? तो काय पाव्हणा आहे घरात? आणि दुसरं, ‘घरी लक्ष द्या’ हे वाक्य फार सोपं आहे. शाळेनं शिकवायचं राहिलं की चूक घराची, आणि घर म्हणजे पुन्हा आई. मनालीच्या वहीतला लाल शेरा मला म्हणून झोंबला. आधी शाळेनं आपलं काम करावं, मग आमच्याकडे बोट दाखवावं.

असं असलं तरी घरात काहीच करता येत नाही हे मात्र मला मान्य नाही. वाचनाचा मोठा हिस्सा शाळेच्या आधी, घरातच तयार होतो. तो कसा, हे मला फार उशिरा कळलं.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा होता. मी रोज संध्याकाळी दिवा लागला की त्याला पाटी घेऊन बसवायची. अ ते ज्ञ, मग बाराखडी. तो ‘ख’ काढायचा ते वेगळं वेगळं, ‘र’ आणि ‘व’ शेजारी शेजारी. मी म्हणायची, जोड. तो पुन्हा ‘रव’ काढायचा. एका संध्याकाळी मी फूटपट्टी मारली. बोटांवर. तो रडलासुद्धा नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मग पाटीवर आणखी एक ‘रव’ काढला. आज तो बावीस वर्षांचा आहे, शिकला, नोकरीला लागला, सगळं ठीक. पण स्वतःहून पुस्तक हातात घेत नाही. हे त्या फूटपट्टीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती संध्याकाळ मला विसरता येत नाही, एवढं खरं.

त्याच्या हातून ‘ख’ का जुळत नव्हता? साडेचार वर्षांच्या मुलाच्या बोटांत आणि मनगटात तेवढी ताकदच नसते. ती ताकद मटार सोलताना येते, कणकेचा गोळा मळताना येते, रांगोळीचे ठिपके टाकताना येते. मी त्याला स्वयंपाकघरातून हाकलत होते, ‘जा, अभ्यास कर’ म्हणून! खरा अभ्यास तर ओट्यावरच चालला होता.

शिवाय आपली लिपी पाहा. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. आपल्याकडे स्वर, व्यंजनं, मग प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरं. घ आणि ध, म आणि भ, प आणि ष दिसायला बहिणी-बहिणी. हे सगळं अंगवळणी पडायला तीन-चार वर्षं लागणारच, त्यात मुलाचा काही दोष नाही. आपण मात्र नर्सरीतच निकाल लावायला बसतो.

आणि अक्षरं ओळखली म्हणजे वाचता आलं असंही नसतं. समजा, मुलानं ‘खळं’ हा शब्द अक्षर जोडून जोडून वाचला. खळं म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेल तर डोळे लकाकतात. ठाऊक नसेल तर तो नुसता आवाज काढून थांबतो. म्हणजे एका हातानं अक्षरं यायला हवीत आणि दुसऱ्या हातानं शब्द, गोष्टी, बोलणं. पहिला हात शाळेचा. दुसरा हात घराचा, आणि त्याला चौथी नापास बाईसुद्धा पुरून उरते.

आपल्या खानदेशाला हे मी काय सांगावं? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात काम करताना त्या रचत गेल्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं ते उतरून घेतलं. सोपानदेव स्वतः कवी झाले. त्या घरात पुस्तकं किती होती मला माहीत नाही, पण कानावर पडणारी भाषा केवढी समृद्ध असेल! आईला वाचता येत नव्हतं आणि मुलगा कवी झाला, यात मला तरी चमत्कार दिसत नाही.

इथेच एक जुनी खोड सांगते, आपल्या सगळ्यांचीच. आमच्या भागात घराघरांत अहिराणी, तावडी, डोंगराकडे पावरी. मूल शाळेत जायच्या वयाचं झालं की आपण घाईघाईनं त्याची बोली पुसायला लागतो. ‘पानी नाही म्हणायचं, पाणी म्हण.’ मूल पाणी मागायचंच बंद करतं! सारखी दुरुस्ती झालेलं मूल गप्प होतं, आणि गप्प मूल वाचायला सर्वांत उशिरा शिकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रमाण मराठी येईल की हळूहळू, पुस्तकातून येईल. आधी त्याला हव्या त्या बोलीत गोष्ट सांगू द्या. नणंदेच्या मुलाला मी हेच सांगायला गेले तर ती म्हणाली, “वहिनी, तुमचं काय जातं? त्याला इंग्लिश शाळेत इंटरव्ह्यू आहे!” मी काय बोलणार यावर.

तर मंगल. त्या दुपारी मी तिला म्हटलं, वही ठेव बाजूला, घरात छापलेलं काय काय आहे ते सांग. ती म्हणाली, काहीच नाही. मग आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. बिस्किटाचा पुडा होता, लाइटबिल होतं, चहाची पुडी, रेशनकार्ड, देवाच्या फोटोखालचं कॅलेंडर. आणि ट्रंकेत तिच्या दिराची लग्नपत्रिका. आपल्याकडे पत्रिकेच्या खाली लहान मुलांची नावं छापतात ना, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून? तिथे मनालीचं नाव! लग्न झालं तेव्हा ती वर्षाची होती. मंगलनं बोट ठेवून दाखवलं, “हे बघ, ही तू.” मनालीनं त्या कागदाकडे असं पाहिलं, जणू त्यात आरसाच होता.

मुलाचं पहिलं अक्षर ‘अ’ असावंच असं कुठे लिहिलंय? ते त्याच्या नावातलं असू द्या. मनालीच्या नावात म, न, ल, काना आणि वेलांटी. तेवढ्यावरच मामा, नाना, लाल, माल, मान, माला, नाल, मीना, नीला... बघा किती शब्द निघतात. मामा आणि नाना तर घरातलीच माणसं. महिन्याभरात तिला कळलं की ‘मामा’ लिहायला तेच ‘म’ दोनदा लागतं. हे कळणं म्हणजे कुलूप उघडणं. अ ते ज्ञ पाठ म्हणणाऱ्या किती मुलांना ते कळलेलं नसतं.

मंगलला मी फार काही सांगितलं नाही, आणि जे सांगितलं त्यातलं निम्मं तिनं केलं नाही. ‘रोज अर्धा तास’ वगैरे तिच्या दिवसात बसतच नव्हतं. पण भाकरी थापताना ती बोलू लागली. पीठ का चाळायचं, तवा तापला हे कसं कळतं, मिरच्या कुठून आल्या. बाजारात जाताना मनाली पुड्यांवरचे ‘म’ शोधायची. एसटी स्टँडवर तर तिला उठवणं मुश्कील व्हायचं, कारण प्रत्येक गाडीची पाटी ‘वाचायची’. अमळनेरमध्ये ‘म’ आहे, मालेगावात ‘मा’ आहे!

बापाचं काय, असं मी मंगलला विचारत राहिले. तो रात्री अंगाला कापसाचे तंतू घेऊन येतो, जेवतो, झोपतो. पण हमालाला पोत्यांवरचे मार्के आणि गाठींवरचे नंबर वाचावेच लागतात. एका रविवारी तो मुलीला जिनिंगच्या फाटकापाशी घेऊन गेला आणि पोत्यांवरची अक्षरं दाखवून आला. एकदाच. पण मनालीनं ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं. ‘मन्हा पप्पा पोत्यावरलं वाचतस!’

आजीकडे तर गोष्टींचा पेटाराच. फक्त आजीची सवय अशी की गोष्ट एका दमात सांगून टाकायची आणि ‘चल, झोप.’ त्यांना एवढंच सुचवलं की मध्ये थांबा. ‘मग कोल्ह्यानं काय केलं असेल गं?’ असं विचारा, आणि मनाली जे सांगेल ते चालू द्या. यामागे शास्त्र आहे, मैत्रिणींनो. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रांचं पुस्तक दाखवताना नुसतं वाचून न दाखवता मुलाला बोलतं करायला शिकवलं. महिन्याभरात त्या मुलांची भाषा इतरांच्या पुढे गेली आणि पुढे काही महिने पुढेच राहिली. आमच्या आजींना व्हाइटहर्स्ट सांगायची गरज पडली नाही. “मध्ये थांबलं तं पोरगी झोपतच नाही,” अशी त्यांची तक्रार मात्र आली!

पुस्तकांचं काय? घरात पत्रिका आणि पुडे किती दिवस पुरणार? छोट्या गावात मुलांचं चांगलं मराठी पुस्तक मिळणं हीच अडचण. स्टेशनरीच्या दुकानात रंगवायची पुस्तकं मिळतात आणि चकचकीत कागदावरची, चुकीच्या मराठीतली परीकथा. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ किंवा नॅशनल बुक ट्रस्टची बारकी, स्वस्त पुस्तकं शहरातून येणाऱ्या कुणाला तरी सांगून मागवावी लागतात. आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मुलांचं कपाट आहे हो, पण त्याला कुलूप. “पोरं फाडतात,” हे उत्तर. आम्ही पाच-सहा जणी तीनदा गेलो, अर्ज दिला, शेवटी रविवारी दोन तास कपाट उघडायचं ठरलं, किल्ली आमच्यातल्या एकीकडे. पहिल्या महिन्यात तीन पुस्तकं फाटली. आम्ही ती चिकटवली. न फाटलेली पुस्तकं कपाटात वीस वर्षं काय करत होती ते विचारायचं मनात होतं, पण किल्ली मिळालेली, म्हटलं जाऊ दे.

मोबाइलवरही पुस्तकं आहेत, हे अनेकींना माहीत नसतं. ‘प्रथम बुक्स’नं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं, त्यावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. ‘असर’च्याच २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन सापडलाय, म्हणजे साधन आहेच. पण लहान मुलाच्या हातात फोन देऊन आपण भांडी घासायला गेलो की गोष्ट मिटून कार्टून कधी सुरू होतं ते कळत नाही. मोबाइलवरची गोष्टसुद्धा मांडीवर घेऊनच. नाहीतर बिस्किटाचा पुडा बरा.

अंगणवाडीविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला काम नेलं. मुलं शाळेकडे येत नाहीत असं दिसल्यावर या बायकांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पानं, खडे, बिया, माती हीच त्यांची साधनं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव घराघरांत गेलं. आज आमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीताई सकाळी खिचडी बघतात, वजनं घेतात, मग मोबाइलवर नोंदी भरत बसतात. नोंदी संपल्या तर गाणी-गोष्टी. आणि आपण काय करतो? ‘तिथे नुसती खिचडी मिळते’ म्हणून पोटाला चिमटा काढून नर्सरीची फी भरतो, जिथे चार वर्षांच्या मुलाला चौकटीत एबीसी कोंबतात. अंगणवाडीत जाऊन ‘ताई, रोज एक गोष्ट तरी सांगा’ असा आग्रह धरणाऱ्या आया मी फार कमी पाहिल्या. पोषण आहारात अळी निघाली की आपण जातो भांडायला. गोष्ट नाही सांगितली म्हणून कधी गेलोय?

वाचणाऱ्या मोठ्या माणसाचं मूल वाचतं, असं म्हणतात. मग ज्या घरात मोठं कुणीच वाचत नाही त्यांनी काय करावं? सध्या ‘उल्लास’ हा नवसाक्षरता कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७. आमच्याकडे नगरपालिकेच्या शाळेतल्या एका बाईंनी गल्लीगल्लीतून नावं गोळा केली, त्यात मंगलच्या सासूबाईंचंही घातलं. त्या आधी ‘आता काय स्मशानात वाचायचं का’ म्हणून चिडल्या. नंतर संध्याकाळी मनालीशेजारी पाटी घेऊन बसू लागल्या. नात आजीच्या चुका काढते आणि आजी नातीला शिव्या घालते, असा तो वर्ग! पण सहीपुरतं नाव आलं त्यांना. बँकेत अंगठा न लावता सही केली त्या दिवशी मंगलच्या घरी शिरा झाला होता, माझ्याकडेही वाटी आली.

सगळं छानच झालं असं समजू नका. २०२४ मध्ये मंगलच्या नवऱ्याला दोन महिने काम नव्हतं, नर्सरीची फी थकली. २०२५ च्या जूनमध्ये मनालीला नगरपालिकेच्या मराठी शाळेत पहिलीला घातलं. निर्णय विचारानं झाला असं मी म्हणणार नाही, पैशांनी झाला. नवऱ्याला अजून त्याची सल आहे. त्याच्या जिनिंगमधल्या मुकादमाचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. मनाली जोडाक्षरांना अडखळते, ‘प्रकाश’ला ‘परकाश’ वाचते. तिच्या बाईंकडे दोन वर्ग एकत्र आहेत, त्यांना सगळ्यांकडे बघायला वेळ पुरत नाही. मंगलला तर ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ स्वतःलाच पक्के येत नाहीत, ती मला विचारायला येते.

तुळशीचं लग्न लागलं आणि पत्रिकांचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी मंगल आली ती हसतच. हातात तिच्या भावाची, मनालीच्या मामाची पत्रिका. खाली नेहमीसारखी भाचे-पुतण्यांची नावं. (नाव बदललं असलं तरी चूक अशीच होती.) छापखान्यानं ‘मनाली’चा काना खाल्ला होता आणि ‘मनली’ छापलं होतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, दोनशेच्या वर. मनाली शाळेतून आली, नेहमीसारखी पत्रिका उलगडून आपलं नाव शोधायला बसली, आणि ओरडली, “माय, मन्हा काना कुठे गेला?”

माझ्यासाठी आणलेल्या पत्रिकेवर त्या नावात पेन्सिलीनं एक उभी रेघ होती. जरा तिरकी, जास्तच लांब, खालच्या ओळीतल्या भावाच्या नावावर आलेली.

“सगळ्या पत्रिका परत आणा म्हणते ती,” मंगल म्हणाली. “नानांकडची राहिलीय म्हणे अजून दुरुस्त करायची.”